रिसर्च मेथड्ससाठी नवं पुस्तक नको, एकच प्रयोग घ्या आणि तोच ताणत जा

प्रश्न थोडक्यात असा आहे: बी.ए. मराठी माध्यमातून झालं, एम.ए. सायकॉलॉजी पूर्ण झालं, नेट आणि सेट दोन्ही एकेकदा देऊन झाल्या, बाकीची युनिटं बरी जातात पण रिसर्च मेथड्स आणि स्टॅटिस्टिक्सचे प्रश्न आले की गाडी अडते. व्याख्या सगळ्या पाठ आहेत तरी उत्तर चुकतं, तर कोणतं पुस्तक पाठ करू?

मी अठरा वर्षं एम.ए.च्या वर्गाला हाच पेपर शिकवतोय आणि दर वर्षी दोन-तीन जण अगदी याच शब्दांत हे विचारायला येतात, म्हणून जरा बैठक मारून लिहितो.

पुस्तक बदलू नका. जे आहे ते पुरेसं आहे. दुखणं तुमच्याच वाक्यात आहे बघा, व्याख्या पाठ आहेत तरी उत्तर चुकतं. कारण पेपर व्याख्या विचारतच नाही, किंवा फार कमी वेळा विचारतो. पेपर चार ओळींत एक अभ्यास समोर ठेवतो आणि म्हणतो, सांगा यात इंडिपेंडंट व्हेरिएबल (म्हणजे जो आपण बदलतो तो) कोणता, डिझाइन कोणतं, कोणती टेस्ट लावाल, डिग्रीज ऑफ फ्रीडम (म्हणजे मोकळेपणाने बदलू शकणारे आकडे) किती. तिथे व्याख्या आठवून काही होत नाही, तिथे तो अभ्यास डोळ्यासमोर उभा राहावा लागतो, आणि ज्याने आयुष्यात एकही प्रयोग मन लावून केलेला नाही त्याच्या डोळ्यासमोर काय उभं राहणार?

प्रॅक्टिकलच्या तासाची एक गोष्ट सांगतो. स्ट्रूपचा प्रयोग चालू होता, १९३५ चा, तुम्हीपण केला असणार. दोन कार्डं. एकावर लाल, निळा, हिरवा, पिवळा हे शब्द त्याच त्या रंगात लिहिलेले, दुसऱ्यावर ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत, ‘हिरवा’ पिवळ्या शाईत असं. सब्जेक्टने शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा, आणि समोरच्याने स्टॉपवॉच धरून सेकंद मोजायचे. एका विद्यार्थिनीने वीस जणांचा डेटा गोळा करून आणला, अगदी नीटनेटका टेबल, साध्या कार्डाला तीस-एकतीस सेकंद, उलट्या कार्डाला पन्नासच्या पुढे. मी विचारलं, आधी कोणतं कार्ड दिलंस? म्हणाली, साधं. सगळ्यांना? हो सर, जर्नलमध्ये तसंच आहे. मग मी म्हटलं, दुसऱ्या कार्डाला वेळ जास्त लागला तो शब्द आणि रंग भांडले म्हणून, की दुसरं कार्ड येईपर्यंत सब्जेक्ट कंटाळला होता म्हणून? ती टेबलकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, अर्ध्या लोकांना उलटं कार्ड आधी द्यायला हवं होतं.

यालाच काउंटरबॅलन्सिंग म्हणतात, आणि त्याची व्याख्या तिने आदल्याच आठवड्यात टेस्टमध्ये बिनचूक लिहिली होती. पण ती व्याख्या आणि हातातलं कार्ड यांची गाठ त्या दिवशी पडली. त्यानंतर ऑर्डर इफेक्टवरचा प्रश्न तिचा कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

तर माझं सांगणं एवढंच की हा एक प्रयोग घ्या आणि अख्खा सिलॅबस त्याच्यावर ताणून बसवा. बसतो, मी बसवून बघितलाय.

सुरुवात अशी करा. इंडिपेंडंट व्हेरिएबल कार्डाचा प्रकार, लेव्हल दोन. डिपेंडंट व्हेरिएबल, म्हणजे जे आपण मोजतो, ते लागलेले सेकंद. (मराठी पुस्तकांत कुठे चल, कुठे परिवर्तक, कुठे परिवर्त्य असे वेगवेगळे शब्द सापडतात, नेटच्या पेपरात इंग्रजीच्या जोडीला हिंदी असतं आणि तिथे ‘चर’ दिसतो, त्यामुळे समजून मराठीतच घ्या पण परीक्षेसाठी नाव इंग्रजीच पक्कं ठेवा, नाहीतर तिथे भाषांतर करण्यात वेळ जातो.) सेकंद म्हणजे रेशो स्केल, कारण शून्य सेकंद म्हणजे खरोखर काहीच वेळ नाही. तेच सेकंद सोडून तुम्ही पहिला आला, दुसरा आला, तिसरा आला एवढंच लिहिलंत तर डेटा ऑर्डिनल झाला. स्टीव्हन्सने १९४६ ला मांडलेल्या चार स्केल्स या अशा एकाच डेटावर चढून-उतरून बघितल्या की कायमच्या डोक्यात बसतात. वीस जणांनी दोन्ही कार्डं केली म्हणजे रिपीटेड मेझर्स, टेस्ट पेअर्ड टी (दोन सरासरींतला फरक तपासणारी), डिग्रीज ऑफ फ्रीडम २० वजा १ म्हणजे १९. दहा जणांना एक कार्ड आणि वेगळ्या दहा जणांना दुसरं दिलं असतं तर इंडिपेंडंट टी, आणि डिग्रीज ऑफ फ्रीडम १० अधिक १० वजा २, म्हणजे १८. डेटा नॉर्मल नाही, सॅम्पल लहान आहे, तर पहिल्या केसमध्ये विल्कॉक्सन, दुसऱ्यात मान-व्हिटनी. कार्डं तीन केली, एक नुसत्या रंगीत ठिपक्यांचं घातलं, की रिपीटेड मेझर्स अनोव्हा (दोनहून जास्त सरासरी एकदम ताडून बघणारी टेस्ट), आणि त्याचा नॉन-पॅरामेट्रिक, म्हणजे डेटा नॉर्मल नसतानाचा, भाऊ फ्रीडमन. तीन वेगळे गट असते तर क्रुस्कल-वॉलिस. सेकंदांबरोबर चुकापण मोजल्या, म्हणजे डिपेंडंट व्हेरिएबल दोन झाले, आता मॅनोव्हा. काही जण मुळातच भरभर बोलणारे असतात म्हणून आधी त्यांचा नुसता रंग सांगायचा वेग मोजून तो हिशोबात धरला, तर अँकोव्हा, आणि तो वेग म्हणजे कोव्हेरिएट. एकच कार्डाची जोडी, तीच खोली, तेच स्टॉपवॉच, आणि बघा निम्म्याहून जास्त टेस्ट सिलेक्शनचे प्रश्न संपले.

आता जिथे सगळ्यात जास्त मुलं घसरतात तिथे येऊ, इंटरॅक्शन इफेक्ट, म्हणजे एका व्हेरिएबलचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून असणं. हे मात्र घाई न करता वहीत काढायचं.

समजा तुम्ही दोन तऱ्हेची कार्डं केली, एक देवनागरीत लिहिलेलं आणि एक इंग्रजीत. आणि सब्जेक्ट दोन तऱ्हेचे घेतले, मराठी माध्यमात शिकलेले आणि इंग्रजी माध्यमात शिकलेले. आता मोजायचं काय, तर उलट्या कार्डाला साध्यापेक्षा किती सेकंद जास्त लागले. स्ट्रूपचं मर्म हेच ना की वाचन इतकं अंगवळणी पडलेलं असतं की नको म्हटलं तरी शब्द वाचला जातो. मग ज्याला देवनागरीची सवय जास्त त्याला देवनागरी कार्ड जास्त अडवणार. मी आकडे मनाने धरतो, मराठी माध्यमवाल्यांना देवनागरीत २४ सेकंद जास्त लागले आणि इंग्रजीत १४, इंग्रजी माध्यमवाल्यांना देवनागरीत १४ आणि इंग्रजीत २४.

आता सरासरी काढा. मराठी माध्यमाची सरासरी १९, इंग्रजी माध्यमाची १९. फरक शून्य, म्हणजे माध्यमाचा मेन इफेक्ट (एकट्या माध्यमाचा परिणाम) नाही. देवनागरी कार्डाची सरासरी १९, इंग्रजीची १९. फरक शून्य, कार्डाच्या भाषेचाही मेन इफेक्ट नाही. दोन्ही मेन इफेक्ट शून्य, आणि तरीही इथे काहीतरी जबरदस्त घडलंय हे कुणालाही दिसतं. ग्राफ काढा, आडव्या रेषेवर दोन भाषा, उभ्यावर सेकंद, प्रत्येक माध्यमाची एक रेघ. दोन रेघा कातरीसारख्या एकमेकींना छेदतात. हाच इंटरॅक्शन. रेघा समांतर असत्या तर इंटरॅक्शन नसता, आणि छेदल्या नाहीत पण समांतरही नाहीत, तरीसुद्धा इंटरॅक्शन असू शकतो, हे शेवटचं वाक्य दोनदा वाचा कारण प्रश्नात मुद्दाम न छेदणाऱ्या रेघा देतात.

आणि याच उदाहरणात अजून एक खाच आहे. कार्डाची भाषा तुम्ही ठरवली, पण सब्जेक्टचं माध्यम तुम्ही ठरवलं नाही, ते त्याच्या आईवडलांनी वीस वर्षांपूर्वी ठरवलं. कुणाला मराठी माध्यमात टाकायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवता येत नाही. म्हणजे माध्यम हा मॅनिप्युलेट केलेला व्हेरिएबल नाही, आणि त्या बाजूने हा अभ्यास खरा प्रयोग नाही. शिवाय माध्यम गटागटांत बदलतं आणि भाषा एकाच माणसात, म्हणून हे मिक्स्ड डिझाइन. असा प्रश्न आला की चारपैकी दोन पर्याय इथेच गळून पडतात.

डिग्रीज ऑफ फ्रीडमची भीती घालवायला एक गणित हाताने करा. २ बाय ३ फॅक्टोरियल, म्हणजे एका फॅक्टरच्या (व्हेरिएबलच्या) दोन लेव्हल आणि दुसऱ्याच्या तीन, सहा खाने, प्रत्येक खान्यात ५ वेगळे लोक, एकूण ३०. पहिल्या फॅक्टरचा १, दुसऱ्याचा २, इंटरॅक्शनचा १ गुणिले २ म्हणजे २, एररचा ३० वजा ६ म्हणजे २४, एकूण २९. बेरीज करून बघा, १ अधिक २ अधिक २ अधिक २४, जुळतं. अनोव्हाचं अर्धवट भरलेलं टेबल देऊन रिकामी जागा विचारली तर याच बेरजेने उत्तर काढायचं असतं.

रँडमाइज्ड ब्लॉक आणि लॅटिन स्क्वेअर ही डिझाइनची नावं मुलांना परकी वाटतात पण ही तर शेतातून आलेली आहेत. संख्याशास्त्रज्ञ फिशर इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १९१९ पासून काम करायचा. वावराचा वरचा भाग मुरमाड, खालचा काळा कसदार, आता चार खतं तपासायची आहेत तर एक खत फक्त काळ्या मातीत टाकून कसं चालेल? म्हणून वावराचे सारख्या मातीचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात चारही खतं चिठ्ठी टाकून वाटायची. तो तुकडा म्हणजे ब्लॉक. आपल्याकडे मातीच्या जागी माणसं, एवढाच फरक. लॅटिन स्क्वेअरमध्ये प्रत्येक खत प्रत्येक ओळीत एकदा आणि प्रत्येक रकान्यात एकदा येतं. स्ट्रूपची चार कार्डं असतील तर ओळ म्हणजे सब्जेक्टचा गट आणि रकाना म्हणजे कार्ड कितव्या नंबरला आलं ते.

पी व्हॅल्यूसाठीपण फिशरचाच चहा घ्या, १९३५ च्या त्याच्या पुस्तकात तो आहे. एक बाई म्हणते, कपात दूध आधी घातलं की चहा आधी ओतला हे मला चवीवरून कळतं. आठ कप केले, चारात दूध आधी, चारात चहा आधी, क्रम रँडम. बाईंना ठाऊक आहे की चार-चार आहेत. आठातून चार निवडायचे ७० मार्ग, त्यातला बरोबर एकच. म्हणजे त्यांना काहीही कळत नसतं, नुसता अंदाज मारला असता, तर सगळे बरोबर यायची शक्यता १ भागिले ७०, साधारण ०.०१४. हीच पी व्हॅल्यू. आणि चारपैकी तीनच बरोबर ओळखले असते तर? किमान तीन बरोबर यायचे मार्ग १७, १७ भागिले ७० म्हणजे ०.२४, हे काही ०.०५ या नेहमीच्या मर्यादेच्या खाली नाही, एवढ्यावर नल हायपोथिसिस (इथे ‘बाईंना काही कळत नाही’ हे गृहीतक) सोडता येत नाही. हे एकदा कागदावर केलंत की ‘पी म्हणजे नल हायपोथिसिस खरं असण्याची शक्यता’ या पर्यायावर तुम्ही परत कधी टिक करणार नाही. नल खरं आहे असं धरूनच आपण हा हिशोब केला, मग तो नलच्या खरेपणाची शक्यता कसा सांगेल?

टाइप वन आणि टाइप टू एररचा गोंधळ होत असेल तर लांडगा आला रे आला ही गोष्ट आठवा, आणि गावकऱ्यांच्या बाजूने आठवा. आधी लांडगा नसताना ते धावले, ती पहिली चूक, टाइप वन. नंतर लांडगा खरंच आला तेव्हा घरी बसले, ती दुसरी, टाइप टू. गोष्टीतला क्रमच नंबरचा क्रम आहे. पॉवर म्हणजे लांडगा असताना ओळखता येण्याची ताकद, १ वजा बीटा, आणि बीटा म्हणजे टाइप टू चूक होण्याची शक्यता.

कोरिलेशनच्या, म्हणजे दोन गोष्टींच्या परस्परसंबंधाच्या, चार खास प्रकारांत पास-नापास हा शब्द दिसला की थांबायचं. पास-नापास ही मुळातली दोन टोकं नाहीत, खाली मार्कांची सलग रेघ आहे आणि आपण कुठेतरी ४० वर सुरी मारली. म्हणून पास-नापास आणि आयक्यू यांच्यात बायसीरियल. ज्यात मुळातच दोन भाग आहेत, जसं उत्तर बरोबर की चूक असे १ आणि ० मार्क, आणि टेस्टचा एकूण स्कोअर, तिथे पॉइंट बायसीरियल. दोन्ही बाजू कृत्रिम कापलेल्या तर टेट्राकोरिक, दोन्ही मुळातच दुभागलेल्या तर फाय.

युनिट दोनबरोबरच, म्हणजे या रिसर्च मेथड्सबरोबरच, युनिट तीन, म्हणजे सायकॉलॉजिकल टेस्टिंग, करून टाका, वेगळं ठेवू नका, रिलायबिलिटी (टेस्टचा स्कोअर किती भरवशाचा ते) तिथेही लागते. छोटी गणितं मी प्रत्येकाकडून तीन-तीन वेळा करून घेतो. टेस्टच्या दोन अर्ध्यांचं कोरिलेशन ०.७०, तर स्पीअरमन-ब्राउनने पूर्ण टेस्टची रिलायबिलिटी १.४ भागिले १.७, म्हणजे ०.८२. स्टँडर्ड डेव्हिएशन १५ आणि रिलायबिलिटी ०.९१, तर स्टँडर्ड एरर ऑफ मेझरमेंट १५ गुणिले ०.०९ चं वर्गमूळ, म्हणजे १५ गुणिले ०.३, ४.५. कोरिलेशन (आर) ०.६० असेल तर समान व्हेरियन्स ३६ टक्के, ६० नाही. परीक्षेतले आकडे बहुतेक असेच सुटसुटीत असतात. सूत्र आठवलं तर दोन मिनिटांच्या आत गणित सुटतं.

क्वालिटेटिव्हला बरीच मुलं शेवटच्या आठवड्यात हात घालतात, ते करू नका, त्यात फरक बारीक असतात. ऊसतोड कामगार बायकांचा अभ्यास करायचाय असं धरा. फडावर त्यांच्या कोप्यांच्या शेजारी राहून महिनोन्महिने त्यांचं जगणं, रीतीभाती टिपल्या तर एथ्नोग्राफी. गरोदरपणात फडावर काम करण्याचा अनुभव आतून कसा असतो, हे त्यांच्याच तोंडून खोलात जाऊन समजून घेतलं तर फेनॉमेनॉलॉजी. मुलाखती घेत घेत, कोडिंग करत करत, त्यातूनच एखादी थिअरी वर आणली, आधी थिअरी ठरवून गेला नाहीत, तर ग्राउंडेड थिअरी, ग्लेझर आणि स्ट्रॉस, १९६७. आठ-दहा जणींना एकत्र बसवून एका विषयावर बोलतं केलं तर फोकस ग्रुप. माणसं तीच, प्रश्न बदलला की मेथड बदलते.

बाकी युनिटांत जे गाजलेले अभ्यास तुम्ही वाचताच ते मेथड्सच्या चष्म्यातून परत बघा. बांदुराचा १९६१ चा बोबो डॉल, म्हणजे मोठ्यांचं बघून मुलं बाहुलीला मारतात का हे तपासणारा, ७२ मुलं, २४-२४ चे तीन भाग, पण मुलं गटात टाकण्याआधी ती मुळात किती मारकुटी आहेत याचं रेटिंग घेऊन मॅचिंग केलेलं, ते का? मिल्ग्रॅमचा १९६३ चा, सांगितलं म्हणून माणूस दुसऱ्याला विजेचे (खरं तर खोटे) झटके कुठवर देतो हे बघणारा, ४० पुरुष, त्यातले २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले, सगळ्यांना पाठ असतं, पण त्या पहिल्या अभ्यासात इंडिपेंडंट व्हेरिएबल कोणता हे विचारलं की वर्ग गप्प होतो, कारण सगळ्यांना एकाच परिस्थितीत ठेवलं होतं, तुलनेला दुसरी कंडिशनच नव्हती. लोफ्टस आणि पामरच्या १९७४ च्या पहिल्या प्रयोगात गाड्यांच्या धडकेच्या फिल्म दाखवून वेग विचारला, प्रश्नातलं क्रियापद तेवढं बदललं, ४५ विद्यार्थी, पाच क्रियापदं, गटाला नऊ जण. यावरून डिझाइन आणि टेस्ट तुम्हीच सांगा.

जुने पेपर सोडवताना नुसतं उत्तर बघून पुढे जाऊ नका. उरलेले तीन पर्याय बरोबर ठरायला प्रश्नात काय बदलावं लागेल ते वहीत लिहा. दिवसाला दहाच प्रश्न होतील, होऊ द्या, ते चाळीसच्या तोडीचे असतात. असर्शन-रीझनचा प्रश्न असेल तर दोन्ही वाक्यं आधी सुटी सुटी तपासा आणि मग मधे ‘कारण’ घालून मोठ्याने वाचा. रिपीटेड मेझर्समध्ये एरर व्हेरियन्स कमी होतो, कारण प्रत्येक जण स्वतःच स्वतःचा कंट्रोल असतो. जुळलं. आता दुसरं घ्या, रिपीटेड मेझर्समध्ये एरर व्हेरियन्स कमी होतो, कारण त्यात ऑर्डर इफेक्ट येऊ शकतो. दोन्ही वाक्यं खरी आहेत, पण ‘कारण’ घातल्यावर वाक्य मोडतं. नेटला १५० प्रश्नांना तीन तास आहेत आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडून येऊ नका, गणितं मात्र खूण करून शेवटी ठेवली तरी चालतील.

आज रात्री एवढंच करा. पोस्टकार्डाएवढे चार पुठ्ठे कापा, स्केचपेनने दोन देवनागरीत आणि दोन इंग्रजीत लिहा, प्रत्येक भाषेत एक साधं आणि एक उलटं, मोबाईलचं स्टॉपवॉच लावा आणि घरातल्या, शेजारच्या मिळतील तेवढ्यांना बसवा. आजीलापण बसवा, आणि ती देवनागरी वाचणारी असेल तर तिचे सेकंद मुद्दाम वेगळे लिहून ठेवा. बसवण्याआधी मात्र कुणाला कोणतं कार्ड आधी द्यायचं याच्या चिठ्ठ्या करून घ्या.